विजयदुर्गच्या खाडींतील अग्निकांड

श्रोतेहो, अमेरिकेच्या किनाऱ्यावरील चांच्यांच्या कथा आपल्या घरांतील मुलें मोठ्या आवडीनें वाचतात. त्या कथांत कॅप्टन किड याचें नांव हटकून येतें. न्यूयॉर्कमध्यें घरदार असलेला हा खलाशी १७०१ सालीं लंडनला फांसावर गेला, आणि त्यानें कोठें तरी धन पुरून ठेवलें आहे अशा समजुतीनें लोक पुढें दोन शतकें किनारे खणीत राहिले. परंतु ज्या चांचेगिरीबद्दल त्याच्यावर खटला झाला ती अमेरिकेच्या समुद्रांत घडलीच नव्हती, हें थोड्यांच्याच ध्यानांत असतें. ती घडली आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर. १६९७ च्या सप्टेंबरांत किड कारवारच्या बंदरांत होता. आणि १६९८ च्या जानेवारींत, बंगालहून सुरतेकडे माल घेऊन चाललेलें 'क्वेदा मर्चंट' नांवाचें जहाज त्यानें मलबार किनाऱ्याजवळ धरलें.

न्यायासनापुढें किड एकच गोष्ट पुनःपुन्हां सांगत होता. आपल्याजवळ इंग्लंडच्या राजाची सनद होती. धरलेल्या जहाजावर फ्रेंचांचा परवाना होता. आणि फ्रेंच हे त्या वेळीं इंग्लंडचे शत्रु होते. तेव्हां ही लूट कायदेशीर होय. तो परवाना न्यायासनापुढें आलाच नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो लंडनच्या सरकारी दप्तरांत सांपडला! समुद्रावर तोच मनुष्य, तेंच कृत्य. पण कागद हातीं असला तर तो सरदार, आणि नसला तर चांचा. हें सूत्र मनांत ठेवून आपण आज आपल्याच किनाऱ्यावरील एका घटनेचा विचार करूं.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील देवगड तालुक्यांत, वाघोटण खाडीच्या मुखाशीं, विजयदुर्ग उभा आहे. इंग्रज त्याला 'घेरिया' म्हणत. शिवाजीमहाराजांनीं तो घेऊन बळकट केला आणि पुढें आंग्र्यांच्या काळांत तो मराठी आरमाराचें एक प्रमुख ठाणें बनला. १७२० सालीं इंग्रजांनीं आणि १७२४ सालीं डच लोकांनीं त्यावर चाल करून पाहिली. दोघेही हात हलवीत परत गेले. असा हा किल्ला १७५६ च्या फेब्रुवारींत अवघ्या दोन दिवसांत पडला, आणि त्याच्या आश्रयाला असलेलें आरमार एका संध्याकाळीं जळून गेलें. हें कसें घडलें?

प्रथम हें आरमार कशा प्रकारचें होतें तें पाहूं. त्यांत दोन जातींचीं जहाजें मुख्य होतीं. एक गुराब आणि दुसरें गलबत. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत आणि तिची नाळ पुढें निमुळती व बसकी असे; त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या तोफा डागीत. गलबत लहान, शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांवरही चालणारें. वारा पडला म्हणजे युरोपियनांचें अवजड जहाज जागच्या जागीं खिळून राही. त्या वेळीं गलबतें गुराबांना दोरानें ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत, आणि जेथें त्याच्या तोफा थोड्या त्या बाजूनें मारा सुरू होई. नंतर माणसें तलवारी घेऊन शत्रूच्या जहाजावर चढत. उथळ खाड्या आणि मंद वारे यांच्या आधारानें लढण्याची ही विद्या होती. भर समुद्रांत साठ-सत्तर तोफांच्या जहाजासमोर सरळ उभें राहण्याकरितां ती निर्माण झालेली नव्हती.

आतां 'चांचे' या शब्दाकडे वळूं. पोर्तुगीज लोकांनीं सोळाव्या शतकापासून असा नियम चालविला होता, कीं या समुद्रांत फिरणाऱ्या प्रत्येक व्यापारी जहाजानें त्यांचा परवाना घ्यावा. न घेईल त्याचें जहाज जप्त! इंग्रजही आपले परवाने देत. कान्होजी आंग्रे यांनीं तोच हक्क मराठी राज्याचे सरखेल या नात्यानें सांगितला. आमच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्यानें आमचें दस्तक घ्यावें, असें त्यांचें म्हणणें. इंग्रजांनीं तें मानलें नाहीं. आणि दस्तकावांचून जाणारें जहाज धरलें गेलें, कीं त्याला ते चांचेगिरी म्हणूं लागले. इंग्रजी ग्रंथांतून कित्येक पिढ्या आंग्र्यांचें नांव याच विशेषणासह छापलें गेलें.

तथापि न्यायाची गोष्ट बोलावयाची तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १७२९ मध्यें कान्होजी वारले आणि त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली. मानाजी कुलाब्यास राहिला. विजयदुर्ग व सुवर्णदुर्ग हा दक्षिणेकडील भाग प्रथम संभाजीकडे आणि त्याच्या मृत्यूनंतर तुळाजीकडे आला. तुळाजी शूर व धाडसी होता. इंग्रजांच्या मुंबई आरमारांतील 'रेस्टोरेशन' हें नामांकित लढाऊ जहाज त्यानें १७४९ सालीं लढून हस्तगत केलें होतें. परंतु तो कोणालाच जुमानीत नव्हता. पेशव्यांची सत्ता त्याला मान्य नव्हती. शेजारच्या सावंतवाडीकरांशीं त्याचें वैर होतें. आणि त्याच्या दर्यावर्दी लोकांचा उपद्रव केवळ परकीय व्यापाऱ्यांनाच होत होता असेंही नाहीं. नानासाहेब पेशव्यांच्या दृष्टीनें तो बंडखोर सरदार होता, आणि बंडखोर सरदाराला ताळ्यावर आणणें हें राज्यकर्त्याचें काम होतें. चूक त्या हेतूंत नव्हती. त्याकरितां जें साधन निवडलें गेलें त्यांत ती होती.

१७५५ च्या मार्चांत पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांचा तह झाला. जमिनीवरून पेशव्यांची फौज रामाजी महादेव यांच्या हाताखालीं चालावी आणि समुद्रावरील हालचाल इंग्रजांच्या तंत्रानें व्हावी, असें ठरलें. याच्या मोबदल्यांत इंग्रजांना बाणकोट मिळावयाचें होतें. पुढच्याच महिन्यांत कमोडोर जेम्स यानें सुवर्णदुर्ग पाडला. त्यानंतर पावसाळ्यामुळें मोहीम थांबली, आणि या विश्रांतीच्या काळांतच सारा रंग पालटला. ॲडमिरल वॉटसन हा इंग्लंडच्या राजाच्या आरमारासह मुंबईस आला आणि कर्नल रॉबर्ट क्लाईव्ह हा फौज घेऊन विलायतेहून उतरला. क्लाईव्हची ही फौज दख्खनमध्यें फ्रेंचांविरुद्ध वापरण्याचा मूळ बेत होता. तो बाजूस राहिला, आणि जवळ आलेलें हें प्रचंड सामर्थ्य विजयदुर्गाकडे वळविण्यांत आलें. पेशव्यांनीं करार केला होता मुंबईच्या कंपनीशीं. खाडीच्या मुखाशीं येऊन उभें राहिलें तें इंग्लंडच्या राजाचें आरमार.

१७५६ च्या ७ फेब्रुवारीस हा ताफा मुंबईहून निघाला. 'केंट', 'कंबरलंड', 'टायगर' आणि 'सॅलिसबरी' हीं त्यांतील मोठीं जहाजें. त्यांच्याबरोबर कंपनीचीं लढाऊ जहाजें आणि उखळी तोफा वाहणारीं गलबतें होतीं. तो विजयदुर्गासमोर पोंचला तेव्हां तुळाजी किल्ल्यांत नव्हता. तो बोलणीं करण्याकरितां पेशव्यांच्या छावणींत गेला होता आणि किल्ला आप्तांच्या हवालीं होता. आपला शत्रु स्वतःच मराठ्यांशीं तडजोड करूं पाहत आहे, हें इंग्रजांनीं ओळखलें. किल्ला पेशव्यांच्या हातीं गेला तर आंतील संपत्ति आपल्याला दिसणार नाहीं, हेंही त्यांनीं ओळखलें, आणि थांबावयाचें नाहीं असा निश्चय केला.

१२ फेब्रुवारीस दुपारीं जहाजें दोन ओळी करून खाडीच्या मुखांत शिरलीं आणि तोफा सुरू झाल्या. आंग्र्यांचें आरमार किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांलगत नांगरून व बांधून ठेवलेलें होतें. पुढें शत्रूच्या तोफा, मागें अरुंद होत गेलेली खाडी, आणि आज्ञा देणारा सरखेल जागेवर नाहीं! ज्या जहाजांचें सारें बळ चपळाईंत होतें, तीं स्थिर उभीं होतीं. दुपार कलल्यावर उखळी तोफेंतून सुटलेला एक कुलपी गोळा, म्हणजे आंत दारू भरलेला पोकळ गोळा, एका जहाजावर येऊन पडला व फुटला. हें जहाज होतें 'रेस्टोरेशन'. इंग्रजांकडून जिंकून आणलेलें! तें पेटलें. लांकूड, तेल, राळ, काथ्याचे दोर, सुती शिडें आणि दारूगोळा. जहाज म्हणजे पेटण्याचेंच साहित्य. ज्वाळा एका डोलकाठीवरून दुसऱ्या डोलकाठीवर गेल्या आणि पाहतां पाहतां सारें आरमार भस्मसात् झालें. बांधणीच्या ओट्यांवर अर्धवट तयार असलेलीं जहाजेंही वांचलीं नाहींत. कान्होजींच्या काळापासून दोन पिढ्यांच्या खर्चानें आणि कौशल्यानें उभें राहिलेलें तें बळ सूर्य मावळेपर्यंत खाडीच्या पाण्यावर कोळसा होऊन तरंगत होतें.

त्या रात्रीं क्लाईव्ह आपले लोक घेऊन किनाऱ्यावर उतरला. तो उतरला तो किल्ला आणि पेशव्यांची छावणी यांच्या मधोमध. शत्रूची वाट अडविणें हा त्याचा हेतु होताच; मित्राची वाट अडविणें हाही होता. दुसऱ्या दिवशीं, १३ फेब्रुवारीस संध्याकाळीं, किल्ल्यावर पांढरें निशाण लागलें. इंग्रजांनीं आंत पहारा बसविला आणि ज्यांच्या वतीनें ही मोहीम काढली, त्या पेशव्यांच्या लोकांना आंत येऊं दिलें नाहीं. इंग्रजांचे ठार व जखमी मिळून विसाच्या आसपास झाले. किल्ल्यांत तुळाजीची आई, बायका व मुलें सांपडलीं. सुमारें अडीचशें तोफा मिळाल्या. आणि रोख रक्कम निघाली दहा लाख रुपयांच्या घरांत.

या रकमेची कथा मोठी उद्बोधक आहे. मुंबईहून निघण्यापूर्वींच इंग्रज अधिकाऱ्यांनीं बैठक घेऊन लुटीचे वांटे ठरविले होते. ॲडमिरलला किती, कप्तानांना किती, शिपायांना किती, सारें कागदावर उतरलें होतें. त्या कागदांत पेशव्यांचें नांव नव्हतें. वाद झाला तो एवढाच, कीं क्लाईव्हला जहाजाच्या कप्तानाइतका वांटा द्यावा कीं त्याहून मोठा. वॉटसननें वाढीव रक्कम आपल्या पदरची देऊं केली आणि क्लाईव्हनें ती नम्रपणें नाकारली. हा उदारपणा इंग्रजी चरित्रांतून कौतुकानें नमूद झाला आहे. तो खराही असेल. पण ज्या धनाबद्दल तो चालला होता तें दोघांपैकीं कोणाचेंच नव्हतें.

श्रोतेहो, किडची गोष्ट येथें आठवावी. त्याचा कागद न्यायासनापुढें आला नाहीं आणि तो फांसावर गेला. वॉटसनचा कागद व्यवस्थित होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या थोर मंदिरांत त्याचें स्मारक उभें राहिलें आणि त्यावर घेरिया जिंकल्याची तारीख कोरली गेली. आणि तुळाजी? सरखेलीच्या कुळांतील हा पुरुष उरलेलें सारें आयुष्य पेशव्यांच्या कैदेंत राहिला. त्याला आपल्या हवालीं करावें अशी इंग्रजांची मागणी होती; ती मात्र पेशव्यांनीं मान्य केली नाहीं.

पुढें काय झालें? किल्ला परत मिळविण्याकरितां पेशव्यांना आठ महिने झगडावें लागलें. ऑक्टोबर १७५६ च्या तहानें तो मिळाला आणि बाणकोट व त्याबरोबर दहा गांवें इंग्रजांकडे गेलीं. त्या एका आगींत मराठी आरमार कायमचें संपलें असें पुष्कळदां म्हटलें जातें. तें अक्षरशः खरें नाहीं. पेशव्यांनीं विजयदुर्गास आपला आरमारी सुभा ठेवला, आणि तेथील आनंदराव धुळप यांनीं १७८३ च्या एप्रिलांत रत्नागिरीजवळ इंग्रजांचें 'रेंजर' जहाज लढून जिंकलें. मालवणचें आरमारही कोल्हापूरकरांच्या छत्राखालीं जिवंत होतें. म्हणून तर १७६५ सालीं इंग्रजांनीं सिंधुदुर्ग कांहीं काळ बळकावला. मराठे समुद्रावर लढत राहिले. परंतु मुंबईच्या दक्षिणेस आपल्याला अडवील अशी सत्ता आहे, ही जी धास्ती इंग्रजांना १७५६ पर्यंत होती, ती पुन्हां कधीं निर्माण झाली नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगून मी थांबतों. विजयदुर्गाहून मोकळा झालेला हाच वॉटसन आणि हाच क्लाईव्ह त्याच वर्षाच्या अखेरीस बंगालकडे गेले. १७५७ च्या मार्चांत चंद्रनगरच्या फ्रेंच किल्ल्यावर ज्यांनीं तोफा डागल्या तीं जहाजें 'केंट', 'टायगर' आणि 'सॅलिसबरी' हींच होतीं. आणि जूनमध्यें पलाशी झाली. वाघोटणच्या खाडींत एका घरच्या भांडणाचा निवाडा करण्याकरितां ज्यांना बोलावलें, त्यांनीं सतरा महिन्यांच्या आंत बंगालचा नवाब बदलला. पुण्याच्या दरबारांत हें कोणाला आधीं दिसणें शक्य नव्हतें, आणि त्याबद्दल नानासाहेबांस दोष देणें सोपें असलें तरी न्याय्य नाहीं. मात्र बोलणीं करण्याकरितां तुळाजी छावणींत येऊन बसला होता, ही गोष्ट त्यांच्या माणसांसमोर होती. त्या एका दिवशीं तडजोड पुरी करून किल्ल्यावर आपलें निशाण चढविण्याइतकी त्वरा झाली असती, तर कदाचित् तीं जहाजें वांचलीं असतीं.

आपण कधीं विजयदुर्गास गेलांत, तर तटावरून समुद्राकडे पाहून झाल्यावर थोडा वेळ आंत, खाडीच्या बाजूसही पाहावें. तेथें आज शांत पाणी आणि मच्छिमारांच्या होड्या दिसतात. १२ फेब्रुवारी १७५६ च्या संध्याकाळीं तें पाणी लाल दिसत होतें. आणि तो उजेड पेशव्यांच्या छावणींतूनही दिसल्यावांचून राहिला नसेल.