डोंगरउतारावरील मातीचें रक्षण : देणगीदार व जमीनधारक यांस विनंति

वसईच्या बाजूस दर पावसाळ्यांत दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. असें असतां येथील दुष्काळनिवारणासाठीं वर्गणी कशाला, असा प्रश्न व्यापारी गृहस्थांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर देणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

तुंगारेश्वराच्या डोंगरापासून पूर्वेकडे ज्या उताराच्या वरकस जमिनी आहेत, त्यांवरील नाचणी व वरी हीं गरिबाचें पोट भरीत आलीं आहेत. ह्या उघड्या उतारावर जोराची सर आली म्हणजे ढेंकळें फुटतात, बारीक गाळानें जमिनीचीं छिद्रें बुजतात, व पाणी आंत न मुरतां खालीं धांवतें. पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा जोर चौपट होतो. एक हेक्टर शेतांतून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तरी दहा घनमीटर, म्हणजे अदमासें बारा टन माती गेली! ती पुन्हा तयार होण्यास पिढ्यान्‌पिढ्या लागतात. माती गेली म्हणजे ओल टिकत नाहीं, धान्य लवकर सरतें, आणि कुटुंबास मुलाबाळांसह वीटभट्टीची वाट धरावी लागते. वाहून आलेला मुरूम खालच्या भातखाचरांत पसरतो; म्हणून हें नुकसान एकट्या गरिबाचें नव्हे.

ह्यावर उपाय आहे, व तो माथ्यापासून पायथ्याकडे करावयाचा असतो. सौम्य उतारावर समपातळींत मातीचे बांध घालावे. उतार तीव्र असल्यास नुसती माती टिकत नाहीं. तेथें दगडी ताल रचावी. तिच्यामागें गाळ सांचून कालांतरानें मजगी तयार होते. ओघळींत एकाखालीं एक असे अनघड दगडांचे बुटके बांध घालावे. बांधाच्या कडेस वाळा लावला म्हणजे त्याचीं खोल मुळें माती धरून ठेवितात.

परंतु बांध समपातळींत नसेल तर नसलेला बरा. जेथें तो खचका असेल तेथें सर्व पाणी गोळा होऊन बांध फुटतो, व तो लोंढा खालचेही बांध फोडतो. दोन बांबू, एक आडवी काठी व मधोमध ओळंबा एवढ्या चौकटीनें कोणाही शेतकऱ्यास पातळी काढतां येते. शिवाय कोंकणच्या पावसांत जादा पाण्यास दगडी सांडवा हवाच.

हें काम नवें नाहीं. मुंबई इलाख्यांत जमीनसुधारणेच्या योजनांसाठीं १९४२ सालीं कायदा झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसें होतीं. त्यांतूनच पुढें रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं झाला, व तो १९७९ पासून अंमलांत आला. त्या कामांपासून घेण्याजोगा धडा हा कीं, खडी फोडून मजूर त्या सालापुरता जगतो. पण चांगला राखलेला बांध मजुरी देऊन झाल्यावरही दरसाल पीक देतो. म्हणून धान्यवांटपास आम्ही कमी लेखीत नसलों तरी, ज्याच्या हातांत बळ आहे त्यास त्याच्याच उतारावर काम द्यावें, असें आमचें मत आहे.

तेव्हां व्यापारी गृहस्थांस विनंति कीं, त्यांनीं मजुरी, पहारी, टिकाव, फावडीं व घमेलीं यांसाठीं यथाशक्ति साहाय्य करावें. जमीनधारकांस दुसरी विनंति आहे. पाण्याची पातळी कोणाची हद्द जाणत नाहीं. एकानें वाट अडविली तर साऱ्या उताराचें काम अडतें. आपल्या शेतांतून बांध नेण्यास त्यांनीं संमति द्यावी, आणि पहिल्या पावसानंतर तो स्वतः पाहून पडझड त्वरित दुरुस्त करवावी.

भातकापणीनंतर मजूर मोकळे होतात, आणि मृगापूर्वीं काम पुरें झालें पाहिजे. एवढ्याच अवधींत आलेला पैसा ह्या वर्षाची माती वांचवूं शकेल. म्हणून देणगी लवकर पाठवावी, ही आमची नम्र विनंति.