‘या ठिकाणी’ किती वेळा?

‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो...’ मराठी माणसाची वक्तृत्वाशी ओळख होते ती इथून. भाषण घरच्या कुणीतरी लिहून दिलेलं, हातवारेही ठरलेले. टाळ्या पडतात, कधी ढालही मिळते. पण भाषण नेमकं कुठे घसरलं, हे सहसा कुणी सांगत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे ऐकणारे तयार झाले. बोलणाऱ्याला तपासणारे मात्र फारसे झाले नाहीत.

अमेरिकेत राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये नेमकं हेच काम हाती घेतलं. कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे, वायएमसीएमध्ये त्यांनी टोस्टमास्टर्स क्लब सुरू केला. आज पुण्या-मुंबईतही असे क्लब आहेत. नेहमीचं भाषण पाच ते सात मिनिटांचं. टायमर पाचव्या मिनिटाला हिरवी, सहाव्याला पिवळी, सातव्याला लाल खूण दाखवतो. एक जण फक्त ‘अं’ आणि ‘म्हणजे’ मोजत बसतो. शेवटी मूल्यमापक उठून दोन-तीन मिनिटांत सगळ्यांसमोर सांगतो, काय जमलं आणि काय बदलायला हवं. नुसतं ‘छान झालं’ म्हणून त्याची सुटका नसते.

आपल्या सभांमध्ये असा मोजणारा बसवला, तर त्याची वही ‘या ठिकाणी’नेच भरेल! ‘या ठिकाणी मी या ठिकाणी जमलेल्या सर्वांचे या ठिकाणी...’ वक्ता जागा दाखवत नसतो, पुढचं वाक्य जुळेपर्यंत वेळ काढत असतो. उपाय सोपा, पण जिवावर येणारा: तेवढा वेळ गप्प राहायचं. दोन सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला संपता संपत नाही. ऐकणाऱ्याला तो मुद्दाम घेतलेला विराम वाटतो.

क्लब नसला तरी मोबाइल असतोच. रेकॉर्डिंगमधला स्वतःचा आवाज आधी परका वाटतो, कारण एरवी तो कवटीच्या हाडांतूनही आपल्या कानात पोहोचत असतो. ते सोसून तीन मिनिटांचं बोलणं ‘अं’सकट कागदावर उतरवावं. मग आवाज बंद करून व्हिडिओ पाहावा. हात खिशात, माइकवर की केसांत, ते तेव्हा दिसतं.

या मोजदादीतून आशय मात्र निसटतो. एकही ‘अं’ नसलेलं भाषणही रटाळ असू शकतं. त्यासाठी दुसऱ्या दिवशी एखाद्या श्रोत्याला गाठून विचारावं, ‘काल काय सांगितलं मी?’ त्याला एकही मुद्दा आठवला नाही, तर उच्चार आणि हातवारे बाजूला ठेवून भाषण नव्याने लिहायला बसावं.