पाऊस तेवढाच, दुष्काळ वेगळा

दुष्काळ म्हणजे पाऊस कमी, एवढ्यावर थांबलो तर लातूर समजत नाही. एप्रिल 2016 मध्ये तिथे मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. भरपूर पाणी पिणारा ऊस हेही त्याच जिल्ह्याचे पीक. म्हणून दुष्काळाच्या जोखमीचे प्रारूप बांधणारे पीएचडीचे संशोधक पावसाच्या तुटीबरोबर तिच्या तडाख्यात येणारी पिके-माणसे आणि त्यांची सोसण्याची ताकदही मोजतात.

तुटीसाठी 1993 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडोत मांडलेला प्रमाणित पर्जन्य निर्देशांक आजही वापरतात. गावाचा पाऊस त्याच गावाच्या जुन्या नोंदींशी ताडायचा. उणे दोनच्या खाली आकडा गेला की अतितीव्र दुष्काळ. त्यामुळे कोकण आणि माणदेश एका मापात बसतात. पण या आकड्याला ऊन कळत नाही, आणि तापमान वाढले की तेवढ्याच पावसात जमीन लवकर सुकते. त्याला मातीही दिसत नाही. जुलैत तीन आठवडे पावसाने दडी मारली तर मुरमाड रानातले सोयाबीन माना टाकते, खोल काळ्या रानातले तग धरते.

या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुष्काळावरच्या उपायांची पारख. शेततळे वाहत्या पावसाच्या पाण्याने भरले तर आधार. बोअर उपसून भरले तर तेच पाणी उन्हात उडते आणि शेजाऱ्याची विहीर आटते. हा उपसा उपग्रहाला थेट दिसत नाही. त्यासाठी गावोगाव जाऊन विहिरींची पातळी मोजावी लागते, पावसाळ्याआधी आणि नंतरही.