धूर आणि प्रकाश : लेखांक ६
पीयूसीच्या यंत्रात काय घडते?

पेट्रोल गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. अवरक्त किरणांच्या वाटेत मात्र तो आडवा येतो. त्याच्या रेणूतले दोन अणू स्प्रिंगने जोडल्यासारखे ठरावीक गतीने कंप पावतात आणि सुमारे ४.७ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण शोषून घेतात. कार्बन डायऑक्साइडचे शोषण ४.२६ मायक्रॉनला होते, न जळालेल्या हायड्रोकार्बनचे ३.४ मायक्रॉनच्या आसपास. वायूंचा हा गुण जॉन टिंडॉल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८५९पासून मोजायला घेतला. त्यावर चालणारे, प्रिझमची गरज नसलेले यंत्र १९३८मध्ये जर्मनीत लेरर आणि लुफ्ट यांनी बनवले. पीयूसी केंद्रावरचे यंत्र त्याच कुळातले.

सायलेन्सरमध्ये किमान ३०० मिलिमीटर आत घातलेल्या नळीतून पंप धूर ओढून घेतो. वाटेत पाणी सापळ्यात उतरते, काजळी फिल्टरमध्ये अडकते. उरलेला वायू एका नळकांड्यातून वाहतो. नळकांड्याच्या एका टोकाला अवरक्त किरणांचा स्रोत आणि दुसऱ्या टोकाला संवेदक असतात. प्रत्येक संवेदकासमोरची चकती एकाच वायूच्या तरंगलांबीला वाट देते. आणखी एक संवेदक ४ मायक्रॉनच्या जवळ रोखलेला असतो; तिथे यातला कोणताच वायू शोषण करत नाही. काच मळली किंवा स्रोत मंदावला, तर सगळ्याच संवेदकांवरचा प्रकाश जवळपास सारखा घटतो. म्हणून नुसता प्रकाश न मोजता या चौथ्या संवेदकाशी असलेले प्रमाण मोजतात. ही युक्ती साधी आहे, पण यंत्राची सारी विश्वासार्हता तिच्यावर उभी आहे. ऑक्सिजनला अवरक्त किरणांनी पकडता येत नाही. त्यासाठी वेगळा रासायनिक सेल लागतो.

खरी गफलत यंत्राबाहेर होते. नळी अर्धवट घातली किंवा सायलेन्सरला भोक असले, की बाहेरची हवा मिसळते आणि आकडा फसवा उतरतो. अशा वेळी कार्बन डायऑक्साइड साक्षीला येतो. हवा मिसळलेली नसेल, तर चार-स्ट्रोक इंजिनाच्या धुरात दोन्ही वायूंची बेरीज साधारण १५ टक्के भरते. समजा, मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि डायऑक्साइड ५ टक्के दिसला. बीएस-४ मोटारीची मर्यादा ०.३ टक्के, म्हणजे गाडी उत्तीर्ण वाटते. पण ०.२ला १५ने गुणून ५.२ने भागले, की खरा आकडा ०.५८च्या जवळ जातो. गाडी नापास!

हेच गुणोत्तर डेन्व्हर विद्यापीठाचे डोनाल्ड स्टेडमन आणि गॅरी बिशप यांनी १९८०च्या दशकात थेट रस्त्यावर आणले. रस्त्याच्या एका कडेहून दुसरीकडे अवरक्त झोत सोडायचा आणि गाडी पुढे गेली, की मागे तरंगणारा धूर अर्धा सेकंद मोजायचा. धूर हवेत किती पसरला हे कळत नाही. पण दोन्ही वायू सारखेच पातळ होत असल्याने त्यांचे प्रमाण टिकून राहते. नायट्रिक ऑक्साइडसाठी पुढे अतिनील झोत जोडला गेला. या मोजणीतून दिसले, की निम्म्याच्या आसपास मोनॉक्साइड जेमतेम दहा टक्के गाड्या सोडतात. धावत्या गाड्यांतून अशी मोजकी वाहने हुडकायला ही पद्धत उत्तम. एका क्षणाच्या मोजणीवर प्रमाणपत्र मात्र देऊ नये, कारण वेग वाढवताना चांगली गाडीही क्षणभर जास्त धूर सोडते.

डिझेलच्या काजळीसाठी अवरक्त नव्हे, हिरवा प्रकाश वापरतात. त्याविषयी पुढील आठवड्यात.