हेडलाइटचे अधिक प्रकाशाचे बदली बल्ब

हेडलाइटचे अधिक प्रकाशाचे बदली बल्ब म्हणजे रात्री रस्ता अधिक उजळ दिसावा या हेतूने, मोटारीसोबत आलेल्या मूळ बल्बच्या जागी बसवले जाणारे बल्ब. यांत सुधारित हॅलोजन, जादा वॅटचे हॅलोजन, निळसर लेपाचे बल्ब, झेनॉन (एचआयडी) संच आणि एलईडी बल्ब यांचा समावेश होतो. बल्बमधून निघणारा एकूण प्रकाश आणि रस्त्यावर योग्य जागी पडणारा प्रकाश या दोन भिन्न गोष्टी आहेत. बल्बची निवड करताना हा भेद सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

रचना आणि कार्य

हेडलाइटमध्ये बल्ब, परावर्तक किंवा भिंग आणि पुढची काच असे मुख्य घटक असतात. परावर्तकाचा आकार बल्बमधील तंतूची लांबी, जाडी व नेमकी जागा गृहीत धरून ठरवलेला असतो. तंतू एखाद्या मिलिमीटरने सरकला, तरी झोताचा आकार बिघडतो.

लांब झोत (अप्पर) सरळ पुढे जातो. आखूड झोत (डिपर) खाली वळवलेला असून त्याला वरच्या बाजूस स्पष्ट कड असते. भारतात वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून ही कड उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूस, खाली ठेवतात. डावीकडे ती थोडी वर चढते. त्यामुळे रस्त्याच्या कडेचे पादचारी, सायकलस्वार व फलक दिसतात आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपत नाहीत.

हॅलोजन बल्बमध्ये तापलेल्या टंगस्टनच्या तंतूचे बाष्पीभवन होते. हे बाष्प आयोडीन किंवा ब्रोमीन यांच्याशी संयोग पावून काचेवर न साचता पुन्हा तंतूवर परतते. त्यामुळे काच काळी पडत नाही आणि तंतू अधिक तापमानाला जळू शकतो.

प्रमाणित प्रकार

मोटारींसाठी पहिला हॅलोजन बल्ब, एच१, १९६२ मध्ये युरोपात आला. त्यानंतर १९७१ मध्ये आलेल्या एच४ बल्बमध्ये एकाच काचेत दोन तंतू असतात. आखूड झोताच्या तंतूखाली धातूची छोटी वाटी असते. परावर्तकाच्या खालच्या भागाकडे जाणारा प्रकाश ती अडवते. भारतातील असंख्य मोटारींत हाच प्रकार आढळतो. एच७ बल्बमध्ये एकच तंतू असल्याने दोन झोतांसाठी स्वतंत्र बल्ब लागतात.

एच४ बल्बची प्रमाणित शक्ती ६०/५५ वॅट असते. १३.२ व्होल्ट दाबाला त्याचा प्रकाश लांब झोतात सुमारे १६५० व आखूड झोतात सुमारे १००० ल्युमेन असतो. एच७ बल्ब ५५ वॅटचा असून सुमारे १५०० ल्युमेन प्रकाश देतो.

बाजारातील पर्याय

सुधारित हॅलोजन: वेष्टनावर ‘१०० टक्के अधिक प्रकाश’ यांसारखे दावे असलेले हे बल्ब मूळ वॅटचेच असतात. प्रमाणित बल्बचा एकूण प्रकाश ठरलेल्या मर्यादेतच ठेवावा लागतो. त्यामुळे हा दावा एकूण प्रकाशाचा नसून रस्त्यावरील विशिष्ट बिंदूंपुरता असतो. तंतू अधिक घट्ट व तप्त ठेवल्याने झोताचा गाभा प्रखर होतो, मात्र बल्बचे आयुष्य घटते.

जादा वॅटचे हॅलोजन: १००/९० वॅटचे एच४ बल्ब भारतात पुष्कळ विकले जातात. १२ व्होल्टला ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो, तर १०० वॅटचा सुमारे ८.३ अँपिअर. तारांमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती जवळजवळ पावणेतीनपट होते. होल्डर वितळणे, तारांचे आवरण जळणे व परावर्तकाचा चकचकीत लेप करपणे हे धोके संभवतात. रिले व जाड तारा बसवल्याने मूळ तारांवरील भार टळतो. परंतु परावर्तकाला बसणारी झळ आणि समोरच्याचे डोळे दिपणे त्याने टळत नाही.

निळसर लेपाचे बल्ब: हॅलोजन प्रकाशाचे वर्णतापमान सुमारे ३२०० केल्विन असते. काचेवरील निळा लेप पिवळा-तांबडा भाग शोषून घेऊन प्रकाश पांढरा भासवतो. याचा अर्थ निघालेल्या प्रकाशातील काही भाग वाया जातो.

झेनॉन संच: यात तंतूऐवजी विद्युत् कंस असतो. तो पेटवण्यासाठी वीस हजार व्होल्टहून अधिक दाब लागतो. ३५ वॅटमध्ये सुमारे ३२०० ल्युमेन प्रकाश मिळतो. मोटार उद्योगात हे दिवे १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेत प्रथम आले, तेही त्यांच्यासाठीच घडवलेल्या हेडलाइटसह. युरोपीय नियमांनुसार २००० ल्युमेनहून अधिक प्रकाशाच्या आखूड झोतास स्वयंचलित उंची-नियंत्रण व काच धुण्याची सोय आवश्यक असते. हॅलोजनच्या परावर्तकात असा संच बसवल्यास यांपैकी काहीच नसते आणि प्रकाश कडेच्या वर विखुरतो.

एलईडी बल्ब: यांतील प्रकाशकण चपट्या पट्टीच्या दोन बाजूंवर बसवलेले असतात, तर तंतू सर्व दिशांना प्रकाश फेकतो. जागा व आकार तंतूशी जुळला नाही तर झोतात काळे पट्टे किंवा वर उसळलेला प्रकाश दिसतो. थंड ठेवण्यासाठी मागे पंखा किंवा धातूचे पाखे असल्याने अनेकदा रबरी झाकण बसत नाही आणि पावसाळ्यात आत दमट हवा शिरते. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बदली बल्बांना मान्यता मिळाली, ती मात्र तपासून ठरवलेल्या मोटारींपुरतीच.

झोताचा आवाका आणि वेग

हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंचीवर असेल आणि आखूड झोताचा उतार १ टक्का असेल, तर त्याची वरची कड सुमारे ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. बल्ब कितीही तेजस्वी असला तरी उजव्या बाजूचे हे अंतर वाढत नाही.

चालकाला प्रतिसादास दीड सेकंद लागतो आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक दर सेकंदाला सहा मीटर प्रतिसेकंद वेग कमी करतो, असे धरल्यास ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार थांबण्यास सुमारे ४८ मीटर लागतात. ताशी ८० किलोमीटरला हे अंतर सुमारे ७४ मीटर होते. म्हणजे आखूड झोतात या वेगाने जाणारा चालक दिसणाऱ्या रस्त्याच्या पलीकडे धावत असतो. ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढते. शिवाय मोटारीलगतचा रस्ता अतिप्रकाशित झाला की बाहुली आकुंचन पावते आणि दूरचा अंधार अधिक गडद भासतो. ‘आता चांगले दिसते’ हा समज म्हणूनच फसवा ठरू शकतो.

बल्ब बदलण्यापूर्वी

प्रकाश मंद वाटण्याचे कारण पुष्कळदा बल्बमध्ये नसते.

• पॉलिकार्बोनेटची पुढची काच उन्हाने पिवळट, धूसर झालेली असल्यास ती घासून चकचकीत करावी लागते.
• तारा व जोडण्या गंजल्याने दाब घटतो. दाब एका व्होल्टने घटल्यास प्रकाश सुमारे चतुर्थांशाने कमी होतो. उलट दाब ५ टक्के वाढल्यास बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते.
• झोताची उंची तपासावी. सपाट जमिनीवर १० मीटर दूरच्या भिंतीवर १ टक्का उतार म्हणजे हेडलाइटच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली.
• मागे माणसे किंवा सामान असल्यास मोटारीचे नाक वर उचलले जाते. डॅशबोर्डवरील उंचीचे चक्र असल्यास ते त्यानुसार फिरवावे.

निवड आणि बसवणी

मोटारीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकार व वॅटच घ्यावा आणि बल्बवर वर्तुळातील ‘ई’ खूण किंवा भारतीय मान्यतेची खूण पाहावी. दोन्ही बाजूंचे बल्ब एकाच वेळी बदलावेत. हॅलोजनच्या काचेला बोटे लावू नयेत. त्वचेवरील तेलाने त्या जागी काच असमान तापते. बल्ब बदलल्यानंतर झोत पुन्हा तपासणे आवश्यक असते.

भारतातील नियम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार पुढच्या दिव्याचा झोत समोरच्या व्यक्तीचे डोळे दिपणार नाहीत अशा रीतीने खाली वळवलेला असावा लागतो. तंतूच्या बल्बांसाठी एआयएस-०३४ हे मानक आहे. पूर्वी हेडलाइटच्या काचेवर काळा रंग लावण्याची पद्धत याच हेतूने रूढ होती. दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर आणि घाटांतील वळणांवर दिपलेला चालक काही क्षण अंधच असतो आणि त्याचे वाहन आपल्याच दिशेने येत असते. म्हणूनच समोरच्याच्या डोळ्यांची काळजी हा स्वतःच्या सुरक्षिततेचाही भाग ठरतो.