धक्क्यास लागणारे जहाज

मुंबईच्या अपोलो बंदरावर उभे राहून दूर पाण्यात थबकलेले प्रचंड प्रवासी जहाज पाहिले, म्हणजे शिरूर अनंतपाळहून आलेल्या मनुष्यास सहज वाटते की, ते विसावा घेत आहे. वस्तुतः ते भरतीची आणि पायलटाची वाट पाहत असते.

मांजरेस पूर येतो तो पावसाने. समुद्र मात्र चंद्रसूर्यांच्या आकर्षणाने दिवसातून दोनदा चढतो व उतरतो. मुंबईस अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास हा चढउतार सुमारे ४ मीटर भरतो. पाण्याच्या अशा ओढीत एवढे अजस्र धूड मोटारीप्रमाणे जागच्या जागी थांबविता येत नाही. म्हणून बंदराचा तळ नि प्रवाह जाणणारा पायलट लहान बोटीतून येतो आणि संथ चालत्या जहाजावरून सोडलेली दोरशिडी चढतो. तेथे हात सुटला, तर दोन नौकांच्या मध्ये चिरडून जाण्याचे भय असते. वर गेल्यावर तो मार्ग सांगतो. जबाबदारी मात्र कप्तानाचीच राहते. पुढे टगबोटी जहाजास हलकेच बॅलार्ड पिअरच्या धक्क्याशी आणतात व दोरखंड खुंटांना बांधले जातात.

काठावरील प्रेक्षकांस उतारूंची लगबग तेवढी दिसते. दोरशिडी चढून गेलेला मनुष्य त्यांच्या दृष्टीस क्वचितच पडतो.