अत्तींचा ओव्हन आणि मंदावलेले आकडे

आमच्या शहापूरच्या घरात २००८ सालच्या दिवाळीत मायक्रोवेव्ह ओव्हन आला, तेव्हा तो बघायला शेजारच्या चार बायका येऊन गेल्या होत्या. केक, नानकटाई भाजता येणारा कन्व्हेक्शनचा ओव्हन! तोवर नानकटाई म्हणजे पीठ घरी मळायचं आणि पत्र्याचा ट्रे घेऊन गल्लीच्या टोकाच्या बेकरीत भाजून आणायची, असाच रिवाज होता.

माझं माहेर मराठी, सासर कानडी. सासूबाईंना मी पहिल्या दिवसापासून ‘अत्ती’ म्हणते. आमच्याकडे वाक्य मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं. तुमच्याकडेही तसंच असेल म्हणा! अत्तींना इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे ओळखतात. काळ्या काचेवर हिरवट-निळे आकडे उमटले की १८० डिग्री आणि १५ मिनिटं लावून त्या निवांत जपाला बसायच्या. महिन्याभरात त्या ओव्हनच्या मालकीण झाल्या आणि पुढची कितीतरी वर्षं आमच्या घरची नानकटाई साऱ्या गल्लीला गेली.

मग हळूहळू हे सगळं थांबलं. गेल्या दिवाळीला अत्ती म्हणाल्या, “यंदा बेकरीतूनच आणू या.” अत्तींचं वय ७६. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. आता होत नसेल त्यांच्याने, असं म्हणून आम्ही विषय सोडून दिला.

एके दिवशी पहाटे पाचला पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात अंधार आणि अंधारात ओव्हनला नाक लावून अत्ती उभ्या! मी घाबरून दिवा लावला.

“लाइट बंद माडव्वा!” त्या ओरडल्याच. मग हळू आवाजात म्हणाल्या, “बेळकिन्याग नंबर काणसूदिल्ल.” म्हणजे उजेडात आकडे दिसत नाहीत.

आपलं ऑपरेशन बिघडलं, अशी त्यांची खात्री झाली होती. सांगितलं तर पुन्हा दवाखाना, पुन्हा मुलाला खर्च. म्हणून कुणाला न सांगता, घर झोपेत असताना त्या अंधारात आकडे वाचायचा प्रयत्न करत होत्या. हे किती महिने चाललं होतं कोण जाणे!

दिवा लागलेलाच होता. मी वाकून पाहिलं, तर मलाही आकडे धड दिसेनात! माझे डोळे तर चांगले आहेत. मग आजवर माझ्या लक्षात कसं आलं नाही? कारण मी दूध गरम करण्यापुरतं एकच बटण दाबते. आकडे बघतंय कोण? शिवाय ते एका रात्रीत गेले नव्हते. रोज थोडे थोडे विझत गेले होते.

कंपनीच्या सेवा केंद्रात विचारलं. “फार जुना मॉडेल आहे, पार्ट येत नाही, नवीन घ्या,” असं उत्तर मिळालं. ह्यांचंही तेच मत. पण नव्या ओव्हनवर सगळी इंग्रजी अक्षरं आणि टचची बटणं. अत्तींच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हटलं, एकदा दाखवून तर बघू या.

खडेबाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. ते घरी आले. आधी दिवा बंद करून त्यांनी आकडे नीट न्याहाळले. “सगळे आकडे सारखेच मंद आहेत. हे बरं लक्षण आहे,” ते म्हणाले.

हा डिस्प्ले म्हणजे एक चपटी, हवा काढून बंद केलेली काचेची नळी असते. आत केसाहून बारीक तारा तापतात, त्यांतून इलेक्ट्रॉन निघतात आणि आकड्यांच्या पट्ट्यांवर लावलेल्या खास पावडरीवर आदळतात. त्याने ती पावडर हिरवट-निळी चमकते. १९६० च्या दशकात जपानमध्ये असे आकडे तयार झाले, ते आधी कॅल्क्युलेटरमध्ये आले आणि पुढे व्हीसीआर, ओव्हन असे घरोघरी पोहोचले. नेहमी पेटणाऱ्या पट्ट्याच मंद आणि क्वचित पेटणाऱ्या लख्ख दिसल्या, तर पावडर झिजली असं समजायचं. त्यावर डिस्प्ले बदलण्याशिवाय इलाज नाही. पण सगळंच सारखं मंद असेल, तर वीज पुरवणाऱ्या भागातच दोष असण्याची शक्यता जास्त.

काकांनी प्लग काढला आणि मला लांब उभं केलं. मायक्रोवेव्हच्या आत एक मोठा कंडेन्सर असतो. त्यात सुमारे २००० व्होल्टचा विजेचा साठा प्लग काढल्यावरही राहू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. तेव्हा मैत्रिणींनो, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हा उद्योग घरी मुळीच करू नका, आणि घरातल्या हौशी पुरुषांनाही करू देऊ नका!

साठा काढून टाकल्यावर काकांनी डिस्प्लेची पाटी सोडवली. काळ्या काचेच्या आतल्या बाजूला तेलकट वाफेचा पिवळा थर बसला होता. तो पुसला. पाटीवरचा एक छोटा कंडेन्सर डोक्यावर फुगलेला होता. ओव्हनच्या उष्णतेने त्यातला द्रव वर्षानुवर्षं सुकत जातो आणि आकड्यांना पुरेशी वीज मिळेनाशी होते. काकांनी तो काढून नवा डाखला. तो काही रुपयांचा. मजुरी धरून काकांनी ४५० रुपये घेतले.

प्लग लावला आणि भर दुपारी, खिडकी उघडी असताना आकडे दिसले! अगदी नव्यासारखे नाहीत. घड्याळाचे मधले दोन ठिपके सोळा-सतरा वर्षं अखंड जळून झिजले आहेत, ते मंदच राहिले. पण १८० स्वच्छ दिसत होतं.

काका अत्तींकडे वळून म्हणाले, “अम्मा, निम्म कण्ण चलो अदावरी.” तुमचे डोळे चांगले आहेत!

अत्तींनी पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं, आणि मनातून लाजही वाटली. आम्ही वय म्हणून सोडून दिलं होतं, आणि त्या बिचाऱ्या दोष स्वतःच्या माथी घेऊन बसल्या होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवून आणलं बरं का. ऑपरेशन उत्तम आहे, चष्म्याचा नंबर तेवढा थोडा बदलला. म्हातारपणी डोळ्यांना जास्त उजेड आणि ठळक अक्षर लागतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मंद आकड्यांचा त्रास सगळ्यांत आधी अत्तींनाच होणार होता. आम्हाला मात्र तो दिसलाच नाही.

आता काम झालं की आम्ही ओव्हनचं बटण भिंतीवरच बंद करतो. घड्याळ उगाच जळत नाही, डिस्प्लेचं आयुष्य वाढतं.

तुमच्याही घरी कुणी वडीलधारं माणूस एखादं आवडीचं काम अचानक सोडून देत असेल, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी त्यांच्या शेजारी उभं राहून ती वस्तू एकदा त्यांच्या जागेवरून बघा.

परवा अत्तींनी नानकटाई केली. भर दुपारी, दिवा लावून. पहिला डबा काकांच्या दुकानात गेला.